शिस्त आणि नेम : थ्री-नॉट-थ्रीच्या निमित्ताने

साहित्याच्या अध्यापकांनी बंदुकीविषयी लिहावे, हे काहींना विक्षिप्त वाटेल. वर्गात आम्ही ओवीची घडण आणि नवकाव्यातील प्रतिमा समजावून सांगतो. नळी, चाप, काडतूस यांच्याशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. पण जळगाव आणि धुळे येथील आमच्या महाविद्यालयांत अलीकडे एकच शंका निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी आमच्यासमोर ठेवली. आम्हांपैकी एकाकडे एन.सी.सी.च्या तुकडीची जबाबदारी आहे, त्यामुळे ती शंका मराठीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचली असावी. शंका अशी : परदेशात साधा नागरिक जुनी लष्करी रायफल थोडक्या पैशांत विकत घेतो, रेंजवर नेतो, कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडतो आणि घरी येतो. त्यांतल्या काही रायफलींवर ‘आर.एफ.आय.’, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, अशी अक्षरे कोरलेली असतात. मग, सर, ज्या देशात ती घडली त्याच देशात ती आम्हांला का मिळत नाही?

या शंकेची दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर सभ्य समाजाचे : बंदूक म्हणजे हिंसा, शिकल्यासवरल्या मुलांनी असले नाद करू नयेत. दुसरे हौशी मंडळींचे : कायदा ब्रिटिशांनी केला, आपण तो मुकाट्याने पुढे चालवला, नागरिकावर विश्वास नसलेल्या राज्यव्यवस्थेचे हे लक्षण आहे. ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात. आमचे मत असे की, जुनी लष्करी रायफल बाजारात विकली जाऊ नये हे योग्यच आहे. परंतु जी वस्तू विकत मिळू नये ती शिकायलाही मिळू नये, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मालकी आणि अभ्यास या दोन गोष्टी आपण एकच समजलो, आणि मालकी नाकारताना अभ्यासही नाकारून बसलो. त्याची किंमत खानदेशातील मुले-मुली मोजत आहेत.

प्रथम ज्या वस्तूबद्दल बोलायचे ती वस्तू नीट ओळखून घेतली पाहिजे. ‘थ्री-नॉट-थ्री’ हे रायफलीचे नाव नव्हे. ते नळीच्या व्यासाचे माप आहे. इंचाचा ०.३०३ एवढा भाग, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. ज्या रायफलीला आपण या आकड्याने हाक मारतो ती ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या कारागिराने योजलेली खटक्याची रचना आणि इंग्लंडमधील एनफिल्डचा सरकारी कारखाना, यांवरून तिचे नाव पडले. १९०७ मध्ये ठरलेला तिचा आखूड नळीचा नमुना दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या खांद्यावर होता. वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा काडतुसे, आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढून पुढे ढकलायचा. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ती बनू लागली. स्वातंत्र्यानंतरही बनतच राहिली. १९६२ च्या चीनयुद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन हिमालयात उभे होते. त्या युद्धानंतर इशापूरने याच घडणीत ७.६२ मिलिमीटरचे काडतूस चालेल अशी ‘२ए’ आणि पुढे ‘२ए१’ ही रायफल काढली. विद्यार्थी परदेशातील ज्या स्वस्त रायफलीबद्दल विचारतात ती बहुधा हीच.

सैन्यातून उतरल्यावर ही रायफल पोलिसांकडे आली आणि तेथे दीर्घकाळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर पोलिसांच्या हाती काय होते, ते सर्वांच्या स्मरणात आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात तिला जाहीर निरोप दिला. सेवेतून उतरलेली ही रायफल आपल्याकडे नागरिकाच्या हाती येत नाही. तिचा शेवट कोठारात तरी होतो, नाही तर भट्टीत.

असे का होते, हे समजण्यासाठी कायद्याचा मजकूर वाचावा लागतो. आणि मजकूर वाचणे हा तर आमचा धंदाच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील नियम प्रथम १९६२ मध्ये आणि नंतर नव्याने २०१६ मध्ये झाले. या नियमांच्या परिशिष्टात शस्त्रांची वर्गवारी आहे. तीत .३०३ आणि ७.६२ या बोअरच्या खटक्याच्या रायफली निषिद्ध गटात टाकलेल्या आहेत. पण खरी मेख पुढच्या शब्दांत आहे. ज्या रायफलीत लष्करी काडतूस भरता येईल आणि उडवता येईल अशी कोणत्याही बोअरची रायफलही त्याच गटात बसते. म्हणजे कायद्याला रायफलीच्या म्हातारपणाशी कर्तव्य नाही, तिच्या सौंदर्याशी नाही, इतिहासाशी तर नाहीच. त्याची नजर काडतुसावर आहे. सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस खाजगी रायफलीत चालता कामा नये, एवढाच त्याचा आग्रह आहे.

या आग्रहाची दोन अपत्ये फार बोलकी आहेत. पहिले अपत्य ‘तीनशे पंधरा’. ग्रामीण भागात परवानाधारकाच्या घरी जी सरकारी कारखान्यातील .३१५ बोअरची रायफल दिसते, ती ली-एनफिल्डच्याच घडणीवर बेतलेली आहे. खटका तोच, ढब तीच. फक्त काडतूस निराळे, कारण ते लष्करी रायफलीत चालत नाही आणि लष्करी काडतूस हिच्यात चालत नाही. दुसरे अपत्य .४१० ची ‘मस्केट’. पहारेकऱ्यांसाठी याच रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस घेईल अशी ती करण्यात आली. शस्त्र हिसकावले गेले तरी हिसकावणाऱ्याला दारूगोळा मिळू नये हा हेतू. आपल्याच शिपायाच्या हातातील शस्त्राविषयी राज्यकर्त्यांच्या मनात केवढी धास्ती होती, हे या एका नळीवरून कळते. इतिहासाच्या शंभर पानांतूनही ते इतके स्पष्ट होत नाही.

ही धास्ती १८५७ नंतरची आहे, आणि खानदेशाला ती चांगली ठाऊक आहे. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली आणि ज्यांना दरोडेखोर ठरवले होते त्यांच्याच हाती सरकारी बंदूक दिली. पुढे तीस-पस्तीस वर्षांतच खाजा नाईक सातपुड्यात उभा राहिला आणि १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली. सरकारने दिलेली बंदूक चालते, स्वतःची चालत नाही, हा धडा या मुलखाने तेव्हाच घेतला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने तो धडा सर्व हिंदुस्थानला दिला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला सूट, असा तो उघड भेद होता. राष्ट्रीय सभेने आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे उपासक असलेल्या गांधीजींनीही त्यावर कठोर टीका केली. तेव्हा हौशी मंडळी जेव्हा म्हणतात की हा कायदा वसाहतवादी संशयातून जन्मला, तेव्हा त्यांचे म्हणणे निखालस खरे असते.

पण उगम कळला म्हणजे आजचे प्रयोजन कळले असे होत नाही. भाषेच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. १८७८ चा कायदा परक्या सत्तेने आपल्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी केला होता. आजचा कायदा आपल्याला एकमेकांपासून वाचवण्यासाठी आहे. या दुसऱ्या संरक्षणाची गरज आहे की नाही, याचे उत्तर लंडनच्या दप्तरात शोधण्याचे कारण नाही. जळगावच्या कोणत्याही स्थानिक दैनिकाचे आतले पान पुरेसे आहे. ‘स्वस्त शस्त्र’ या शब्दांना खानदेशात आधीच एक अर्थ आहे. तो अर्थ म्हणजे गावठी कट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत तो पकडला गेल्याची बातमी नित्याची झाली आहे, आणि पकडले जाणारे हात पुष्कळदा आमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे असतात. त्यांच्या वर्गात बसणारा, हजेरीपटावर नाव असणारा मुलगा त्या बातमीत निघू शकतो, या धास्तीने ते पान वाचणारे अध्यापक आम्ही एकटेच नसू. अशा मुलखात चारशे-पाचशे मीटरवर अचूक मारा करणारी आणि जिची गोळी किलोमीटरच्याही पुढे जाते अशी रायफल बाजारात स्वस्त व्हावी, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

येथे अमेरिकेचा दाखला देणे आवश्यक आहे, कारण विद्यार्थ्यांच्या मनातील चित्र तिकडचेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सैन्यांनी मोडीत काढलेल्या लाखो रायफली अमेरिकेच्या बाजारात आल्या. मासिकातील जाहिरात पाहायची, कुपन भरायचे, पैसे पाठवायचे. रायफल टपालाने घरी. १९६३ च्या मार्च महिन्यात एका ग्राहकाने खोट्या नावाने अशीच एक इटालियन बनावटीची जुनी लष्करी रायफल दुर्बिणीसह मागवली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. त्या ग्राहकाचे खरे नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती याच रायफलीने. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाने होणारी अशी विक्री आणि परदेशी लष्करी मालाची आयात यांवर बंदी आली. १९८० च्या दशकात ती बंदी सैल झाली, आणि त्यानंतर इशापूरच्या रायफली तिकडे शंभर-दीडशे डॉलरांना मिळू लागल्या. आता त्यांच्याही किमती कितीतरी पटींनी वाढल्या आहेत, कारण साठा संपत आला आहे. म्हणजे ज्या स्वस्ताईचे आमच्या विद्यार्थ्यांना आकर्षण वाटते, ती तेथेही एका विशिष्ट काळाची, युद्धाच्या उरल्यासुरल्या मालाची स्वस्ताई होती. कोणाच्या तरी सरकारने आधीच मोजलेली किंमत होती, म्हणून ती वस्तू ग्राहकाला स्वस्त पडली.

शिवाय रायफल ही एकदा घ्यायची वस्तू. काडतूस रोज लागते. नेमबाजीचा खरा खर्च तेथे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेच्या एका पात्रता फेरीतच साठ गोळ्या लागतात. सरावाच्या गोळ्यांची मोजदाद कोण करणार? शिक्षक असलेल्या त्याच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याचे त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी छापले होते. आम्हां शिक्षकांना पदकाइतकीच ती बातमी लागली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वप्नीलची रायफल .२२ बोअरची. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांचीही कीर्ती .२२ वर आणि हवेच्या रायफलीवर उभी आहे. लष्करी रायफलीवाचून नेमबाजी शिकता येत नाही, हा समज रेंजवर पाऊल न टाकलेल्यांचा आहे.

मग जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या तरुणीला आज रेंजवरच्या सरावासाठी काय मिळू शकते? .१७७ बोअरची, ठरावीक मर्यादेच्या आतील शक्तीची हवेची रायफल तिला परवान्याविना घेता येते. दहा मीटरची स्पर्धा तिच्यावर होते. त्याच्या पुढे जायचे तर .२२, आणि तिला परवाना हवा. परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पुरी हवीत. म्हणजे पदवीच्या तीन वर्षांत, ज्या वयात हात आणि डोळा शिकायला तयार असतात, त्या वयात स्वतःचे शस्त्र नाही. प्रशिक्षणात मात्र विहित अटींवर ते वापरण्याची मुभा कायदा देतो. पुढे परवान्याचा अर्ज, पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय. हे सर्व झाले की परवानाधारक विक्रेत्याकडे जुनी .२२ किंवा .३१५ पाहायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावे लागले. थोडक्यात, आपल्याकडे ‘जुनी, परवडणारी, लष्करी घाटाची’ रायफल म्हणजे फार तर एखादी वापरलेली तीनशे पंधरा. ती वाईट नाही. पण तिच्यावर भर देऊन स्पर्धेची तयारी होत नाही, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तीही झेपत नाही.

हे सर्व पाहिल्यावर आम्ही ज्या ठिकाणी येतो ते ठिकाण दुकानाचे नाही, ग्रंथालयाचे आहे.

धुळ्याच्या वाचकाला याचा दाखला दूर शोधावा लागणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत होते, तेव्हा ती दप्तरे काय अवस्थेत होती? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या तळघरात. उंदरांच्या, वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या वाटेवर. ज्याच्या मालकीची त्याला ती वाचता येत नव्हती, आणि ज्याला वाचता येत होती त्याच्या मालकीची नव्हती. १९२६ च्या अखेरीस राजवाडे गेले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. कागद सार्वजनिक झाले. त्याच गावात शंकरराव देवांच्या श्रमांतून समर्थ वाग्देवता मंदिर झाले आणि रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते एका छपराखाली आली. आज तेथील पोथी कोणी विकत मागत नाही आणि कोणी ती मिळत नाही म्हणून रडतही नाही. नोंदवहीत सही करायची, हात स्वच्छ करायचे, बसून वाचायचे. कागद घरी न्यायचा नाही. अभ्यासाला मालकी लागत नाही, प्रवेश लागतो.

रायफलीच्या बाबतीत नेमके हेच व्हायला हवे, असे आमचे मत आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी नागरिकांसाठी एक रेंज असावी. तेथे हवेच्या आणि .२२ बोअरच्या रायफली संस्थेच्या मालकीच्या असाव्यात, काडतूस मोजून द्यावे, रिकामे टरफल मोजून परत घ्यावे, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला वाचनालयाच्या वर्गणीइतक्या खर्चात आठवड्यातून एक तास सराव करता यावा. सेवेतून उतरलेल्या ली-एनफिल्ड सगळ्याच्या सगळ्या भट्टीत न टाकता त्यांतल्या काही नळी निकामी करून वस्तुसंग्रहालयांना द्याव्यात, आणि दोन-चार चालू स्थितीत पोलिसांच्या शस्त्रागारात ठेवून, वर्षातून ठरावीक दिवशी, पोलिसांच्याच रेंजवर, त्यांच्याच देखरेखीखाली प्रगत नेमबाजांना त्या हाताळू द्याव्यात. दुकान नको, घरपोच नको, मालकी नको.

याला कोणी स्वप्नरंजन म्हणेल, तर त्याने इतिहास पाहावा. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे संस्थापक-अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादेत स्थायिक झालेले हे मराठी गृहस्थ गांधीजींच्या सहवासात वाढलेले, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही होते. अहिंसेच्या चळवळीत घडलेल्या माणसाला नव्या प्रजासत्ताकात नागरिकाने नेम धरायला शिकावे असे वाटले, आणि त्यासाठी त्याने हत्यारांचा बाजार खुला केला नाही, संघटना काढली. या भेदात आमच्या म्हणण्याचे सार आहे.

खानदेशापुरते पाहिले तर ही मागणी अधिकच रास्त ठरते. भुसावळ तालुक्यातील वरणगावचा दारूगोळा कारखाना १९६४ पासून लष्करासाठी लहान शस्त्रांची काडतुसे बनवतो. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे. म्हणजे काडतूस घडवणारे हात या मुलखातले, शस्त्र वागवणारे हात या मुलखातले. पण खेळ म्हणून, अभ्यास म्हणून नेम धरू पाहणाऱ्या मुलीला मात्र नाशिक, पुणे, मुंबई. एन.सी.सी. आहे हे खरे. तिनेच अंजली भागवतांसारख्यांना पहिली रायफल हाती दिली. परंतु तुकडीतल्या छात्राच्या वाट्याला येणाऱ्या गोळ्या मोजक्या, आणि जी मुलगी तुकडीत नाही तिच्या वाट्याला त्याही नाहीत.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील. एक म्हणजे, रेंजवर शिकलेला हात उद्या कट्टा धरणार नाही याची हमी काय? हमी कशाचीच नसते. मात्र कट्ट्याचे आकर्षण आणि रेंजचा सराव या दोन वृत्तींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे तुकडीला गोळीबाराच्या सरावाला नेणाऱ्या कोणालाही सांगता येईल. कट्टा दाखवण्यासाठी असतो. रेंजवर दाखवायला काही नसते. पालथे पडायचे, श्वास अर्धा सोडून थांबवायचा, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे, चाप ओढायचा नाही तर हळूहळू दाबत न्यायचा. पाच गोळ्या झाल्या की कोण मध्यबिंदूला लागले हे कोणी प्रथम विचारत नाही. पाच छिद्रे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मोजतात. एखादी गोळी योगायोगाने मध्यात बसली तर तिचे कौतुक नाही. पाचही गोळ्या एका बाजूला गेल्या, पण एकत्र गेल्या, तर शिकवणारा खूश होतो. चूक एकसारखी असेल तर ती दुरुस्त करता येते. निबंध तपासणाऱ्या अध्यापकाला यापेक्षा जवळचे तत्त्व कोणते? नंतर तास-अर्धा तास ‘फुलथ्रू’ आणि ‘चिंदी’ घेऊन नळी पुसत बसायचे. इंग्रजीतल्या ‘पुल-थ्रू’चे छावणीने केलेले हे रूप कोणत्याही भाषाशास्त्राच्या तासाला शोभून दिसेल. या कंटाळवाण्या कामातून जो गेला, त्याच्या मनातील बंदुकीची झिंग पुष्कळशी उतरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. .२२ पुरेशी आहे हे तुम्हीच म्हणता, मग त्या जुन्या लष्करी रायफलीचा अट्टाहास कशाला? उत्तर असे की, तिचा उपयोग खेळासाठी थोडा आणि इतिहासासाठी अधिक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी खजिना लुटला. हे प्रसंग आमचे विद्यार्थी धड्यांतून वाचतात, भाषणांतून ऐकतात. पण बंदूक म्हणजे काय, तिचे वजन किती, तिचा दस्ता खांद्याला कसा धक्का देतो, पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या मुलावर ती रोखणे याचा अर्थ काय, हे त्यांना पडद्यावरच्या बंदुकीतून कळत नाही. पडद्यावरच्या बंदुकीला वजनच नसते. खरी रायफल एकदा हातात घेतलेला विद्यार्थी शिरीषकुमारविषयी वेगळ्या स्वरात बोलेल, अशी आमची खात्री आहे. या रायफलीच्या नळीसमोर आपण होतो आणि तिच्या दस्त्यामागेही आपलीच माणसे होती; १९६२ मध्ये तीच रायफल घेऊन आपलीच माणसे बर्फात मेली. इतका गुंतागुंतीचा इतिहास असलेली वस्तू वितळवून टाकणे हा करंटेपणा आहे, आणि ती दुकानात मांडणे हा उथळपणा.

शेवटी भाषेकडे वळतो, कारण आमचा अधिकार असेल तर तेवढाच. मराठीत ‘नेम’ हा शब्द लक्ष्यासाठी आहे आणि व्रतासाठीही. नेम धरणारा आणि नेमधर्म पाळणारा या दोघांना भाषेने एकच शब्द दिला. ‘नेमका’ आणि ‘नेमस्त’ हे त्याच घरातले. ‘शिस्त’ या शब्दाची हकीकत तर याहून रंजक आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच नेम, शराचा किंवा बंदुकीचा रोख. लष्कराच्या हिंदीत आजही ‘शिस्त लेना’ म्हणजे नेम धरणे. मराठीने त्या रोखातून वर्तनाची सरळ रेषा काढली आणि शाळेच्या फळ्यावर लिहिली. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे वर आम्हीच म्हटले आहे. पण येथे आमचा भर उगमावर नाही, मराठीने पुढे काय केले त्यावर आहे. शस्त्राच्या अनुभवातून तिने उचलले ते शस्त्र नव्हे, संयम. आपल्या जिल्ह्यांनीही तेवढेच उचलावे. रायफल विकत मिळू नये. शिस्त मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, वाचनालयाच्या वर्गणीत, मुलामुलींना सारखीच मिळावी. ही मागणी क्रीडा संघटनांनी करावी अशी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. महाविद्यालयांनी ती करावी, आणि साहित्याच्या अध्यापकांनी तिच्यावर पहिली सही करावी.